जपून ठेवलेलं आढं

पाण्यात धडधाकट पडलेलं आढ्याचं लाकूड मी बैल लावून बाहेर काढलं आणि रानात वाळवीच्या दारात नेऊन ठेवलं.

वाळवीचं दार आहे हे मला ठाऊक नव्हतं, हे खरं. पण ठाऊक नसताना गप्प बसायचं असतं, हेही मला ठाऊक नव्हतं.

आमचं घर दहिवलीला, नदीच्या अंगाला. कारवीचा कुड, त्यावर शेणमातीचं लिंपण आणि वर गवताचं छप्पर. कुड दरसाल नवा करता येतो, गवत दरसाल बदलता येतं. आढं मात्र एकदा घातलं की बापाचं लेकाला पुरतं. आढं म्हणजे छपराचा कणा. दोन्हीकडचे वासे त्याच्यावरच टेकतात. आमचं आढं एका भादव्यात भर दुपारी, आम्ही जेवत असताना मोडलं. कडकड आवाज झाला तशी आई म्हणाली, "आदी भाताचं भांडं उचल," आणि तिचं बरोबरच होतं, कारण छप्पर खाली यायला तेवढाच वेळ लागला.

तेव्हापासून मी, आई, बायको आणि दोन बैल गोठ्याच्या पडवीत राहू लागलो. बैलांनी कुरकुर केली नाही. सासऱ्यांनी केली. ते खालापूरकडचे, अंगाने आडवे आणि बोलायला उभे. येऊन त्यांनी पडवी पाहिली, बैल पाहिले, मग मला पाहिलं.

"जावईबुवा, पोरगी मी छपराखाली दिली व्हती. बैलांच्या पंगतीला नाय."

बोलून ते थांबले नाहीत. कोंडाण्याच्या डोंगराखाली आमची थोडी वरकस, उताराची जमीन होती आणि तिच्या कडेला एक रायवळ आंबा. त्याची कैरी इतकी आंबट की वानरंसुद्धा एक चावा घेऊन फेकून देत. पण खोड कसं, वर आभाळाला हात लावायला निघाल्यासारखं सरळ. रानातला साग काय, ऐनाचं झाड काय, सरकारचं. त्याला हात लावला की शिपाई दारात. आंबा आपला. मार्गशीर्षात सासऱ्यांनी उभं राहून तो पाडला आणि त्याचे तीन तुकडे केले: बुंधा, मधला आणि शेंडा. मधला तुकडा घराच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत पुरेल एवढा लांब निघाला. तेच आमचं आढं. बाकीचे दोन खांबांना आणि चौकटींना.

मला वाटलं, आता सुतार बोलवायचा. सासऱ्यांनी तिन्ही तुकडे जवळच्याच ओहोळाच्या डोहात लोटले आणि वर दगड ठेवले.

"पुढच्या दिवाळीपतूर हात लावायचा नाय. मुरू द्या."

"पण मामा, पाण्यात कशासाठी?"

"मुरायला."

"पाण्यात मुरून काय होतं?"

"काय व्हतं म्हंजे? माझ्या बापानं घातलं व्हतं."

"त्यांनी कशासाठी घातलं होतं?"

"बापाला एवढं इचारायची आमच्यात रीत नाय," सासरे म्हणाले आणि धोतर झटकून निघाले.

मी शाळेत थोडा शिकलो होतो. म्हणजे कसं, प्रत्येक गोष्टीला कारण असतं हे कळण्यापुरता शिकलो होतो. ते कारण सापडण्यापुरता नाही. अशा माणसाच्या हाती बैलांची जोडी देऊ नये.

माघात सहज डोहावरून जात होतो, तर असा वास आला की नाक धरलं. लाकूड काळंठिक्कर पडलेलं, वर बोटभर बुळबुळ. नखाने खरवडलं तर साल लोण्यासारखी निघाली. झालं! पाण्यात लाकूड कुजतं हे शेंबडं पोरदेखील सांगेल, आणि आमचे सासरे मात्र बापाचं नाव सांगून आमचं आढं कुजवतायत.

मग कुठे ठेवायचं? याचं उत्तर मला आगगाडीनं दिलं. शेतावर जाताना मी रोज रूळ ओलांडायचो. रुळांखाली आडवी लाकडं टाकलेली असत. जमिनीवर पडलेली, वरून ऊन, वरून पाऊस, वरून आख्खी गाडी, तरी जशीच्या तशी. मी एक दिवस थांबून त्यांच्याकडे पाहिलं आणि माझ्या मनात प्रकाश पडला: लाकडाला जमीन मानवते! त्या लाकडांना डांबरासारखा वास येत होता हे मला जाणवलं होतं. त्यांच्याखाली माती नव्हती, खडी होती, हेही दिसत होतं. पण एकदा मनात प्रकाश पडला की माणसाला बाकी काही दिसत नाही.

आईला सांगितलं. ती म्हणाली, "सासऱ्याला इचार."

"आई, तुला यातलं कळत नाही."

"मला नाय कळत, म्हनून तं म्हनते, इचार."

मी बैल घेऊन गेलो. मधला तुकडा निमूट वर आला. शेंडा ओढून कातळावर आणला आणि तिथे डावा बैल खाली बसला. शेपूट पिरगाळलं, शिव्या दिल्या, चुचकारलं. बैल शहाणा, उठला नाही. शेंडा तिथेच उन्हात टाकला. बुंधा तर चिखलात असा रुतला होता की हललाच नाही. म्हटलं, कुज मेल्या तिथंच.

मधल्या तुकड्यासाठी मात्र जागा मी निवडून काढली. ओहोळाच्या वरच्या अंगाला दाट सावलीची एक खोलगट घळ होती. ऊन नाही, म्हणजे लाकूड तडकणार नाही. वारा नाही. खाली पाल्याचा हातभर थर. राबासाठी, म्हणजे भाताच्या रोपांची जमीन भाजायला, माणसं पाला गोळा करतात, पण या घळीत कुणी उतरत नसे, त्यामुळे वर्षानुवर्षांचा साठलेला. त्या मऊ गादीवर मी आढं निजवलं, वरून पुन्हा पाला पांघरला. बाळंतिणीची बाज कुणी इतक्या मायेनं घातली नसेल.

चैत्रात बघायला गेलो तर आनंदानं वेडा व्हायचा बाकी राहिलो. लाकडावर तांबूस मातीचा पातळ, गुळगुळीत लेप चढला होता, या टोकापासून त्या टोकापर्यंत. आम्ही कुडाला लिंपतो ना, अगदी तसा, उलट आमच्यापेक्षा हात जास्त साफ. आम्ही कुड का लिंपतो? टिकावा म्हणून. मग हे लिंपण कशासाठी? उघड आहे! घरी येऊन आईला म्हणालो, "जमीन आपल्या आढ्याला स्वतः लिंपून देतेय."

आई तांदूळ निवडत होती. मान वर न करता म्हणाली, "लिंपनारा मजुरी काय घेनार, ते इचारलंस का?"

मला तो विनोद वाटला.

ज्येष्ठात बायको माहेरी गेली. सातवा महिना लागला होता. निघताना उंबऱ्याशी थांबली. उंबरा नव्हताच, गोठ्याची आडकाठी होती, तिथे थांबली. "दिवाळी झाली का येते," म्हणाली, "पन बाळाला घेऊन पडवीत नाय येनार, सांगून ठेवते."

मी म्हणालो, "आढं तयार आहे म्हणून समज."

पाऊस लागला. आषाढातल्या एका उघडिपीला घळीत गेलो तर लाकडाच्या भोवती पांढरीशुभ्र अळंबी उगवलेली, छत्र्या उघडून, जणू देवाच्या वरातीला जमलेली. धोतराच्या सोग्यात भरभरून घरी आणली. आईनं तेल-मिरचीवर परतली. अशी चव, की दोन दिवस आम्ही दुसरं बोललो नाही. पुन्हा गेलो, पुन्हा आणली. "बघ," मी आईला म्हणालो, "आढं चढायच्या आधीच जेवू घालतंय."

श्रावणात मुलगा झाला. खालापूरकडे गेलो तेव्हा सासरे पाळण्याच्या दोरीशी बसले होते. मुलगा बघायला वाकलो तर त्यांनी पाळणा अलगद आपल्याकडे ओढला.

"लाकूड कसं हाय?"

"झकास."

"पान्यात हाय ना?"

"जिथं ठेवलंय तिथं आहे," मी म्हणालो. हे खोटं नव्हतं. म्हणजे मला तसं वाटलं होतं. पुढे कळलं की तेही खरं नव्हतं.

"ब्येस," सासरे म्हणाले. "आढं चढलं का सांगावा धाडा. त्या दिशी मी दोघांना आनून घालतो. आढं नाय, तं पोरगं बी नाय. हितंच वाढंल."

दरवाजाआड बायको उभी होती. बापाच्या बोलण्याला तिची मान हलताना दिसली.

दिवाळीनंतर सुताराला घेऊन घळीत गेलो. सुतार माझ्याच वयाचा, दोस्तच. मी पुढे होऊन पाला बाजूला केला. लाकूड होतं तसंच होतं, लांबच लांब, लिंपलेलं. सुतारानं लाकूड तासायचा वाकस उलटा धरून त्यावर टकटक केलं आणि कान दिला. मग माझ्याकडे बघितलं.

"काय रं भाऊ, टोपली हाय का ही?"

"टोपली? अरे बघ तरी," मी म्हणालो आणि मजबुती दाखवायला त्याच्यावर चढून उभा राहिलो.

पाय नडगीपर्यंत आत गेला. वरची मातीची खपली फुटली, खाली सालीसारखं पातळ काही मोडलं आणि त्याच्याही खाली लाकूड नव्हतंच. माती होती, ओली, भुसभुशीत, हजार भोकांची. त्या भोकांतून पांढरी वाळवी माझ्या पायावर चढू लागली. पाय उपसला तर बाजूचाही तुकडा ढासळला. कापसासारखे पांढरे धागे, लठ्ठ अळ्या, गोल गुंडाळून पडलेले वाणी किडे, गांडुळं. चोर एक असता तर धरला असता. इथे पंगत बसली होती आणि शेवटचा भात चालू होता.

सुतारानं डोक्यावरचा पंचा सोडला आणि तोंड पुसलं. "भाऊ, हे आढं न्हवं. हे वारूळ हाय, आडवं पडलेलं."

मी तिथेच खाली बसलो. डोळ्यांसमोर काही नव्हतं, फक्त तो पाळणा, आपल्याकडे ओढून घेतलेला.

सुताराला तहान लागली म्हणून तो डोहावर गेला. जरा वेळानं तिकडून त्याची हाक आली. मी गेलो, तर तो पाण्यात गुडघाभर उभा आणि हातात वाकस. चिखलात रुतलेल्या बुंध्याची बुळबुळ त्यानं खरवडली होती. आत लाकूड कसं, काळपट पण घट्ट. ठोकलं की खणखणीत बोलायचं.

"हे कुनाचं रं?"

"माझंच. कुजलेलं आहे ते."

"कुजलेलं?" त्यानं पुन्हा ठोकलं. "मंग हे काय वाजतंय, तुझं डोस्कं?"

तिथून आम्ही कातळावर गेलो. शेंडा माघापासून उघड्यावर पडला होता. चैत्र-वैशाखात त्या कातळावर अनवाणी पाय ठेववत नाही, आणि आषाढात पाऊस तिथे भाल्यासारखा कोसळतो. लाकूड राखाडी झालेलं, अंगावर भेगा. पण कुऱ्हाड मारली तर उलटून वर आली.

आता मात्र मी पार गोंधळलो, आणि आज इतक्या वर्षांनी लिहितानाही तो गोंधळ माझ्याबरोबर बसलेला आहे. एकच झाड. एकाच दिवशी पाडलेलं. पाण्यानं लाकूड कुजतं म्हणावं, तर पाण्यातलं शाबूत. बरं, कोरडं ठेवलं की टिकतं म्हणावं, तर चैत्रात ती घळ वरून कोरडी ठणठणीत होती आणि तेव्हाच लिंपण चढलं होतं. उन्हानं खराब होतं म्हणावं, तर उन्हातला तुकडा हसतोय. एकच पाऊस तिघांवर पडला. मग पाऊस कुणाच्या बाजूनं होता?

सुताराला विचारलं. तो छातीठोकपणे म्हणाला, "शुद्ध पक्षात तोडलेलं लाकूड किडतं. वद्यात तोडाया पायजे."

"अरे, तिन्ही एकाच पक्षात तोडली."

सुतारानं डोकं खाजवलं. "मंग अर्ध्या झाडाला पक्ष लागला आसंल."

गावच्या गुरवाला विचारलं. तो म्हणाला, घळीतल्या देवाचा कोप. मी म्हणालो, कोप असता तर त्यानं अळंबी कशाला वाढली असती? यावर गुरवानं अळंबी नेमकी कुठे उगवते ते मात्र विचारून घेतलं.

आईला विचारायची गरज पडली नाही. गुरवाचं बोलणं तिला सांगत होतो, तर अळंबीचं नाव ऐकताच तिच्या हातातली पळी थांबली. तिनं माझ्याकडे पाहिलं, मी तिच्याकडे.

"म्हंजे आपुन आढं खाल्लं," ती म्हणाली. थोडा विचार केला. "चव ब्येस व्हती."

पुढे काही दिवस मला वेड लागल्यासारखं झालं. सासऱ्यांना काय तोंड दाखवायचं हे सुचत नव्हतं. निदान कारण तरी हातात असावं म्हणून मी रानात हिंडून पडलेली लाकडं उलटीपालटी करू लागलो. जितकी उलटली तितका गुंता वाढला. एक फांदी सापडली, अर्धी दगडावर, अर्धी मातीत. दगडावरची अर्धी हाडासारखी. मातीतली बोटानं चुरली. उघड्या माळावरचे जुने खुंट राखाडी होऊन वर्षानुवर्षं उभे होते. ओहोळाकाठच्या सावलीत तेवढाच खुंट लाथेसरशी विरला. वरून सगळं सुकलेलं असताना पाल्याखाली हात घातला तर ओल लागायची, ऊबही लागायची, आणि त्या ओलीत कुणी ना कुणी वळवळत असायचं. पाणी कमी पडलं की ते नसत. पाणी डोहाएवढं झालं की तेही नसत. थोडी ओल, थोडी ऊब, खाली माती, वर पांघरूण, असं सगळं बेताचं जुळून आलं की मात्र पंगत बसलीच. आणि मी आढ्याला नेमकं हेच सगळं जुळवून दिलं होतं. यापुढे माझं डोकं चालेना. आधी वाळवी येते की बुरशी, एक दुसऱ्याला बोलावतं की हाकलतं, मला तेव्हा कळलं नाही, आताही कळत नाही.

असाच एकदा ओणवा होऊन ओंडका उलटत होतो, तर मोळी घेतलेली भिसेगावची एक बाई वाटेवर थांबली.

"काय हरवलं रं दादा?"

"आढं."

ती म्हणाली, "एवढं मोठं आढं हरवलं? आन त्ये लाकडाखाली शोदतोस व्हय?" आणि मोळी सावरत, हसत हसत गेली. संध्याकाळपर्यंत ते भिसेगावात पसरून दहिवलीतही आलं, की अमक्याचं आढं हरवलंय आणि तो ते दगडाखाली बघतोय.

शेवटी सुतारानंच वाट काढली, आणि तीसुद्धा कंटाळून. "तुझं ते का आन कसं ऱ्हाऊ दे बाजूला," तो म्हणाला. "मधला गेला. ह्यो बुंधा आन त्यो शेंडा, दोगं जोडून घराला पुरत्यात का बगू." मोजून पाहिलं तर मधल्या मेढीवर, म्हणजे आढ्याखालच्या खांबावर, सांधा येईल इतपत पुरत होते. सांध्याचं आढं म्हणजे आमच्याकडे नाक मुरडण्याची गोष्ट. आढं कसं अखंड हवं. पण आढंच नसण्यापेक्षा सांध्याचं बरं.

यावेळी बैल बसला नाही. त्यालाही बहुधा कीव आली असावी. पौषात आढं चढलं: अर्धं काळं, अर्धं राखाडी, मध्ये खाचेत खाच बसवलेला सांधा. नारळ बांधला, हिरवं खणाचं फडकं बांधलं, वर नवं गवत आलं. सांगावा धाडला.

सासरे गाडीतून उतरले ते थेट घरात शिरले. मान वर करून उभे राहिले. किती वेळ उभे राहिले ते मी सांगू शकत नाही. मला तो पुढच्या पावसापर्यंतचा वाटला. मग त्यांनी माझ्या तोंडून सगळी हकिकत काढून घेतली. डोह, बैल, घळ, लिंपण, अळंबी. मी काही लपवलं नाही, कारण लपवायला आढंच शिल्लक नव्हतं. ऐकून ते मेढीपाशी गेले, काठीनं आधी काळ्या बाजूला ठोकलं, मग राखाडी बाजूला ठोकलं. दोन्ही बोलली.

"पान्यातलं टिकलं, त्ये मी सांगितलंच व्हतं," ते म्हणाले. मग राखाडी भागाकडे बघून त्यांच्या कपाळाला आठी पडली. "पन हे उघड्यावरचं कसं टिकलं?"

"तेच तर मी विचारतोय, मामा."

आम्ही दोघे मान वर करून तसेच उभे राहिलो. आयुष्यात पहिल्यांदा मला सासऱ्यांबद्दल आपलेपणा वाटला.

"चढलंय न्हवं?" अखेरीस ते म्हणाले आणि बाहेर वळून त्यांनी हाक दिली, "ये गं आत."

बायको आत आली. अंगावर दुपट्यात गुंडाळलेला मुलगा. आईनं भाकरतुकडा ओवाळून टाकला. बायकोनं वर पाहिलं. तिनं दारातून सगळं ऐकलं होतं. मी हात पुढे केले आणि मुलाला घेतलं. चांगला गुबगुबीत, ऊबदार. बाहेर थंडी होती, म्हणून मी दुपटं नीट ओढलं, वरून माझा पंचाही घातला, आणि दारातल्या उन्हात त्याला त्रास होऊ नये म्हणून कोपऱ्यातल्या सावलीकडे वळलो.

बायकोनं दोन पावलांत येऊन मुलगा माझ्या हातातून काढून घेतला.

"अवो, दोन लाकडं टाकून दिलीत, ती वाचली, एक जपलंत, त्याची माती झाली," ती म्हणाली. "माज्या पोराला तुमी जपू नका."